कथा आहे, लाभ घ्यावा

घणसोलीच्या त्या सार्वजनिक वाचनालयात सगळ्यात जास्त वाचली जाणारी गोष्ट म्हणजे 'मोबाइल बंद ठेवावा' ही पाटी, आणि वाचून ती पाळत मात्र कोणी नव्हतं. बाकी पुस्तकं होती, रग्गड होती, कुलूपबंद कपाटांत गुण्यागोविंदाने नांदत होती. मनाली परुळेकर ग्रंथपाल म्हणून तिथे आली तेव्हा कपाटांच्या किल्ल्या कुठे आहेत हे शोधण्यातच तिचा पहिला आठवडा गेला होता.

खाली आरोग्य केंद्र, वर वाचनालय. वाचनालयात एक पुस्तकांची खोली, एक स्पर्धा परीक्षावाल्यांची अभ्यासिका आणि एक हॉल. हॉल म्हणजे तेव्हा मोडक्या खुर्च्यांचं गोदामच होतं. मनालीने मुख्य ऑफिसात खेटे घालून तो रिकामा करून घेतला, भिंतींना रंग लावून घेतला, सतरंज्या मिळवल्या आणि तिथे उपक्रम सुरू केले. शनिवारी मुलांसाठी कथाकथन, रविवारी इंग्रजी संभाषण, बुधवारी बायकांसाठी कॉम्प्युटर. सगळं मोफत.

आता फुकट म्हटलं की लोक उड्या मारत येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा नवी मुंबईत काहीतरी फुकट चालवून दाखवावं. टॉवरमधल्या आया फोन करायच्या आणि पहिला प्रश्न विचारायच्या, "सर्टिफिकेट देता का?" नाही म्हटलं की मूल अबॅकसला. एकीने तर तोंडावर विचारलं होतं, "फ्री आहे म्हणजे टीचर ट्रेनी असतील ना?" आणि पलीकडच्या माथाडी कामगारांच्या वसाहतीतल्या बायका, ज्या खाली बीपीच्या गोळ्यांसाठी तासन्‌तास रांगेत बसायच्या, त्या जिन्याची एक पायरी चढायच्या नाहीत. "वर पोरं अभ्यास करत्यात," असं म्हणून त्या खालीसुद्धा हळू आवाजात बोलायच्या. कथाकथनाला हुकमी म्हणावीत अशी दोन मुलं, खालच्या नर्सबाईंची, तीही बाईंची ड्यूटी असेल तरच. त्या दोघांसमोर मनाली हातात कापडी बाहुल्या घालून वाघ व्हायची, कोल्हा व्हायची, आणि मनातल्या मनात अख्ख्या घणसोलीच्या नावाने बोटं मोडायची.

इकडे अभ्यासिकेत पाय ठेवायला जागा नसायची. तळवलीची उत्कर्षा सकाळी सातला येऊन खुर्चीवर बॅग ठेवायची आणि ती बॅग म्हणजे सातबारा. उशिरा आलेली पोरं जिन्यात बसून पुस्तकं वाचायची. उत्कर्षा दर आठवड्याला मनालीच्या टेबलापाशी येऊन तेच म्हणायची, "मॅडम, हॉल रिकामाच असतो. आमाला द्या ना. घरी सहा जण आहोत एका रूममध्ये, माझी परीक्षा जवळ आलीय." ती उद्धटपणे बोलायची नाही, खोटंही बोलायची नाही. तिचं म्हणणं चूक नव्हतं, हाच मनालीचा खरा त्रास होता. चूक असतं तर भांडता तरी आलं असतं.

शेवटी उत्कर्षाचा अर्ज वर गेला आणि वरून विश्वजित साहेबांचा फोन आला. साहेब शहरातल्या अशा सगळ्या वाचनालयांवरचे अधिकारी. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी दिसावी लागायची.

"मॅडम, शनिवारी अकराला मी येतो," ते म्हणाले. "तुमच्या त्या कार्यक्रमाला हॉलमध्ये माणसं दिसली, तर हॉल तुमचा. नाही दिसली, तर एक तारखेपासून अभ्यासिकेला. फेअर ना?"

फेअर होतं. त्यामुळे मनालीला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तिला बेलापूरला मीटिंगला जावं लागलं. तिथूनच तिने शिपाई धनाजी यांना फोन केला. धनाजी पाटणकडचे, पन्नाशी उलटलेले, अक्षर मोत्यासारखं. गावाकडे यात्रेपासून पारायणापर्यंत सगळे फलक त्यांच्या हातचे असायचे, आणि हे ते आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचे.

"धनाजीभाऊ, गेटवरच्या फळ्यावर लिहा. शनिवारी सकाळी दहाला कथाकथन. मोठ्या अक्षरात. आणि वसाहतीत पण सांगा सगळ्यांना."

"तुमी टेन्शनच घिऊ नका म्याडम," धनाजी म्हणाले. "हॉल भरला न्हाय तर नाव सांगनार न्हाय."

शुक्रवारी मनाली नेहमीप्रमाणे मागच्या बाजूला स्कूटी लावून मागच्या जिन्याने वर आली आणि दिवसभर फोन करत राहिली. ज्या ज्या आईने कधीकाळी चौकशी केली होती तिला तिला फोन. कोणाचं कराटे होतं, कोणाची युनिट टेस्ट होती, एकीने तर "नक्की ट्राय करते" म्हणून सांगितलं, म्हणजे तीही येणार नव्हती. नर्सबाईंची त्या दिवशी सुट्टी होती. गेटवरचा फळा बघायला जायचं मनालीला सुचलंच नाही. धनाजींचं अक्षर चांगलं होतं, काळजीचं कारण नव्हतं.

शनिवारी ती साडेनऊला आली, बाहुल्यांची पिशवी खांद्याला लावून, आणि मागच्या जिन्याच्या वरच्या पायरीवरच थबकली. हॉलच्या दाराबाहेर चपलाच चपला होत्या. रबरी, प्लास्टिकच्या, अंगठा तुटून सुतळी बांधलेल्या, आणि सगळ्या बायकांच्या. दोन वर्षांत त्या दाराबाहेर इतक्या चपला कधी निघाल्या नव्हत्या. मग तिला उदबत्तीचा वास आला.

आत सतरंज्यांवर वसाहतीतल्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. ठेवणीतली लुगडी, डोक्यावर पदर. समोर, जिथे मनाली बाहुल्या नाचवायची तिथे, एक चौरंग मांडलेला होता आणि त्याच्या चारही पायांना केळीचे खुंट बांधलेले होते. चौरंगावर नारळ, विड्याची पानं, सुपाऱ्या, केळ्यांचा फणा. बाजूला झाकण घातलेलं मोठं पातेलं, त्यातून साजूक तुपात भाजलेल्या रव्याचा वास येत होता. सगळ्यात पुढे, भिंतीला पाठ न टेकता, वेणूबाई बसल्या होत्या. वेणूबाई म्हणजे वसाहतीतल्या सगळ्यात जुन्या. नवरा मार्केटात गोणी वाहता वाहता गेला, तेव्हापासून वसाहतीतलं बारसं असो की बारावं, त्यांच्याशिवाय पान हलत नव्हतं.

"या बाई," वेणूबाई म्हणाल्या. "भटजी किती वाजता येनार?"

"कोण भटजी?"

"कथा सांगनारं. दहाची कथा हाय न्हवं? श्रावनातला शनिवार, आमी समद्या उपाशी हाय."

मनाली पुढच्या जिन्याने खाली उतरली आणि गेटवर जाऊन उभी राहिली. फळ्यावर रंगीत खडूने, वर दोन बाजूंना स्वस्तिक आणि मधोमध कलश काढून, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'शनिवारी सकाळी ठीक दहा वाजता वरील हॉलमध्ये कथा आहे. तरी सर्वांनी लाभ घ्यावा.'

धनाजी मागोमाग आले होते. हॉल भरल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

"धनाजीभाऊ, मी काय सांगितलं होतं? कथाकथन."

"तेच की. कथा आन कथन, एकच शब्द दोनदा कशाला लिवायचा? फळा केवढासा. म्हनून एकदाच लिवला."

"आणि लाभ घ्यावा?"

"ते कथंच्या खाली लिवावंच लागतं म्याडम," धनाजी समजुतीच्या सुरात म्हणाले. "त्याबिगर मानसं येत न्हाईत."

माणसं खरंच आली होती. मनालीला धनाजींवर ओरडायचं होतं, त्या फळ्यावर पाणी ओतायचं होतं, आणि सगळ्यात जास्त राग स्वतःचा येत होता. दोन वर्षं घसा कोरडा करून जे जमलं नव्हतं ते एका चुकीच्या शब्दाने जमलं होतं. म्हणजे ती जे देत होती ते कोणाला नकोच होतं, इतका सरळ त्याचा अर्थ होता.

जिना चढताना तिच्या डोक्यात नको ते विचार येऊन गेले. गप्प बसावं. अकराला साहेब येतील, भरलेला हॉल बघतील, जातील. मग सांगावं, भटजी आजारी पडले. किंवा खरंच एखाद्या गुरुजींना फोन लावावा, कोपरखैरण्याहून रिक्षाने अर्ध्या तासात पोचतील. तिने फोन हातातसुद्धा घेतला. पण दारात आल्यावर वेणूबाईंनी तिच्यासाठी सतरंजीवर हाताने जागा झटकली, आणि मनालीला स्वतःची लाज वाटली. उपाशीपोटी बसलेल्या म्हाताऱ्या बायकांना हजेरीसाठी बसवून ठेवायचं, इतकं काही अजून घसरायचं नव्हतं.

"मावशी, चूक झालीय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आज पूजा नाही. भटजी येणार नाहीत. आम्ही इथे दर शनिवारी गोष्ट सांगतो, लहान मुलांना. फळ्यावर चुकून कथा असं लिहिलं गेलं. तुम्हाला त्रास झाला, माफ करा."

एकदम कुजबुज उठली. कोणीतरी "आगं बया" म्हटलं, कोणीतरी पातेल्याकडे बघितलं. मागच्या दोघी-तिघी उठून उभ्या राहिल्या. वेणूबाई मात्र हलल्या नाहीत.

"म्हंजी कथा न्हाय?"

"आहे. पण देवाची नाही."

"मग कुनाची?"

मनालीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "एका शेळीची."

हॉलमध्ये हशा पिकला. वेणूबाई हसल्या नाहीत. त्या मागे वळून उभ्या असलेल्यांना म्हणाल्या, "बसा गं खाली. कथंला बसलेलं मानूस अर्ध्यात उठत न्हाय. देवाची आसू दे न्हाय तर शेळीची. सांगा बाई."

बाहुल्या काढायचा मनालीला धीर झाला नाही. ती चौरंगाच्या बाजूला मांडी घालून बसली आणि कागद न बघता बोलायला लागली. गोष्ट तिनेच रचलेली होती, नर्सबाईंच्या मुलांसाठी. खाडीकाठच्या एका गावात सई नावाची मुलगी असते, आई मिठागरात कामाला जाते, आणि सईकडे सांभाळायला एक शेळी असते, चंपी. एक दिवस ओहोटीला चंपी चिखल तुडवत खाडीच्या मधल्या उंचवट्यावर चरायला जाते आणि सई पोरींच्या नादात तिला विसरते.

"हूं," वेणूबाई म्हणाल्या.

मनाली थांबली. काही चुकलं असं तिला वाटलं.

"सांगा की," शेजारची म्हणाली. "हूं म्हनायचं आसतं. त्याबिगर सांगनाऱ्याला कसं कळनार, ऐकत्यात का झोपल्यात?"

मग प्रत्येक वाक्यागणिक हॉलमधून "हूं" यायला लागला. भरती सुरू झाली. हूं. सई किनाऱ्यावर पळत आली. हूं. तिला पोहता येत नव्हतं. "बाप कुठं हुता तिचा?" एकीने विचारलं. बाप नव्हता तिला, असं मनालीने जागच्या जागी ठरवून टाकलं, आणि पुढच्या "हूं"मध्ये जरा वजन आलं. उत्कर्षा आवाजाची तक्रार घेऊन दारात येऊन गेली, तिच्याकडे कोणी बघितलंही नाही. मनालीचा आवाज सुटला होता. इतकी माणसं आपल्या तोंडाकडे बघतायत याची तिला भीती वाटत होती आणि बरंही वाटत होतं. उंचवटा बुडत चालला, होडीवाला म्हणाला अंधार पडायला आला मी नाही येणार, आणि पाणी चंपीच्या गुडघ्याला लागलं.

"वा वा वा," दारातून आवाज आला.

विश्वजित साहेब आले होते. दारातच बूट काढून, हात जोडून ते आत आले, चौरंगाला नमस्कार केला आणि भरलेल्या हॉलवरून नजर फिरवून मनालीकडे बघत राहिले. खिशातून मोबाइल काढून त्यांनी तीन कोनांतून फोटो घेतले.

"मॅडम, मानलं तुम्हाला," ते म्हणाले. "असा लोकसहभाग मी एकाही वाचनालयात पाहिला नाही. मी म्हणतच होतो, लोकांना काय हवंय ते ओळखा. आता दर पौर्णिमेला कथा ठेवा. आपण त्याला सांस्कृतिक उपक्रम म्हणू. हॉल तुमचा, विषय संपला."

मनालीने श्वास घेतला. होय साहेब, थँक्यू साहेब, एवढंच म्हणायचं होतं. पौर्णिमेला पूजा आणि उरलेल्या शनिवारी गोष्ट, कोणाला कळणार होतं? उपक्रम वाचत होता, दोन वर्षं वाचत होती. शब्द जिभेवर आले होते.

"गुरुजी दिसत नाहीत," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "कितवा अध्याय चाललाय?"

सगळ्या बायका मनालीकडे बघत होत्या. वेणूबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

"अध्याय नाही साहेब," मनाली म्हणाली. "शेळी पाण्यात आहे."

"काय?"

आणि मग तिने सगळं सांगितलं. कथाकथन, फळा, धनाजी, सगळं. सांगताना तिला कळत होतं की आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतोय, पण एकदा सुरुवात केल्यावर थांबताही येईना. चंपीला त्या पाण्यात तशीच ठेवून भलत्याच अध्यायाचं नाव सांगणं तिला जमलं नसतं.

साहेबांचा चेहरा हळूहळू ऑफिसातला झाला. "म्हणजे या बायका तुमच्या कथाकथनाला आलेल्या नाहीत."

"नाही. चुकून आल्या. पण सांगितल्यावर थांबल्या, साहेब. सगळ्या थांबल्या."

"मॅडम, चुकून आलेली माणसं मला हजेरीत धरता येत नाहीत," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट वाईट वाटत होतं त्यांना. "शिवाय तुमचा उपक्रम मुलांसाठी आहे. इथे एक तरी मूल आहे का? मी काय लिहू वर? एक तारखेपासून हॉल अभ्यासिकेला. पौर्णिमेचं मात्र मनावर घ्या."

प्रसाद म्हणून एक केळं उचलून ते बाहेर गेले. बूट घालताना त्यांनी उत्कर्षाला निर्णय सांगितला असावा, कारण पाचेक मिनिटांत ती बॅग घेऊन हॉलच्या दारात उभी होती. मागच्या भिंतीला लावलेल्या खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर तिने बॅग ठेवली आणि मनालीकडे न बघता म्हणाली, "सॉरी मॅडम." तिच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं होती. तिच्यावर तरी कसं चिडायचं?

मनाली चौरंगाशेजारी तशीच बसून राहिली. तिने बाहुल्यांची पिशवी ओढून घेतली.

"झालं मावशी," ती म्हणाली. "तुम्ही जा आता. शिरा घरी न्या, खाऊन घ्या. उगाच उपाशी राहिलात."

कोणी उठलं नाही.

"शेळीचं काय झालं?" वेणूबाईंनी विचारलं.

"मावशी, हॉल गेला. ऐकलंत ना तुम्ही? पुढच्या महिन्यापासून इथे काही होणार नाही. सगळं बंद." तिचा आवाज चढला होता आणि तिला तो आवरता येत नव्हता. "दोन वर्षं मी बोंबलतेय, कोणी आलं नाही. आज आलात तेही भटजीसाठी. आता शेळीचं काय विचारता?"

"ते समदं ऐकलं मी," वेणूबाई शांतपणे म्हणाल्या. "हॉल गेला तर गेला, आपला जिना हाय. तो सायब म्हनला, चुकून आल्यात म्हनून धरत न्हाय. बराबर हाय त्याचं, चुकूनच आलो. फुडल्या शनवारी चुकून येनार न्हाय आमी." त्यांनी मांडी सावरली. "आता सांगा. पानी गुडघ्याला लागलं. मग?"

शेजारच्या बाईने तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून पुढे केलं. ते पिऊन मनाली दोनदा खाकरली आणि म्हणाली, "मग सई पाण्यात उतरली."